आजीची गाणी दोन भाषांत जपायची आहेत, पण दुसरी भाषा कुठली?

तिरफळ (रविवार, रात्री ११:४०)

मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावरून महाभारत झालंय आणि मला बाहेरच्या चार माणसांचं मत पाहिजे.

आमचं गाव वेंगुर्ला तालुक्यात. आजी ऐंशीच्या पुढे गेलीय, डोळ्यांनी कमी दिसतं पण गळा अजून शाबूत आहे. लग्नात हळद कांडतानाची गाणी, जात्यावरच्या ओव्या, फुगडीची, तरवो म्हणजे भाताची रोपं लावतानाची, असं काय काय तिच्याकडे आहे. गेल्या गणपतीत मी फोन घेऊन बसले आणि तिची व वाडीतल्या अजून चार बायकांची मिळून चाळीसेक गाणी रेकॉर्ड केली. त्याशिवाय बाबांनी जमवलेल्या कॅसेटींचा एक ट्रंकभर ढीग आहे, जत्रेतले दशावतार, भजनांच्या डबलबाऱ्या, शिमग्यातला ढोल, बाबा गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही.

डोक्यात असं आहे की एक साधी वेबसाइट करायची, गाणं ऐकू येईल, बाजूला शब्द दिसतील आणि त्याच्या बाजूला अर्थ. द्विभाषिक. इथेच माशी शिंकली. दादा बाहेरदेशी असतो, तो म्हणतो अर्थ इंग्रजीत पाहिजे, नाहीतर त्याच्या मुलांना काय कळणार. बोरिवलीची मावशी म्हणते मराठी पुरे. आणि मामेबहिणीने या वादाची वाटच न बघता सगळे शब्द एक्सेलमध्ये टाईप केले आणि करताना "शुद्ध" केले. व्हकल होती तिची नवरी झाली, न्हवरो होता त्याचा नवरा, गाणां, ह्यां, त्यां यांच्यावरचे सगळे अनुस्वार उडाले. तिचा हेतू वाईट नव्हता हो, बिचारीने तीन शनिवार घातले त्यात.

मी ते आजीला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यां माझां गाणां न्हय गो. तुमी ह्यां शाळेतलां केलास."

तेव्हापासून काम ठप्प. कोणी असं काही केलंय का? कुठून सुरुवात करायची?

पायपेटी (सोमवार, सकाळी ७:०५)

तिरफळताई, आजींना माझा नमस्कार सांगा, एका वाक्यात त्यांनी सगळं सांगून टाकलंय.

मी दशावतारात पेटी वाजवायचो, आता गुडघ्यांमुळे बंद. आमच्याकडे तर लिहिलेली संहिताच नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोणी काय करायचं ते ठरतं आणि रात्री आडदशावतार म्हणजे सुरुवातीचा भाग आटोपला, त्यातला संकासूर येऊन गेला की पुढे पहाटेपर्यंत संभाषणं जागच्या जागी. राजा काय बोलेल त्यावर राक्षस काय बोलणार ते अवलंबून. पेटीवाल्याने नटाचं तोंड बघून सूर द्यायचा. मग यातलं कागदावर काय उतरवणार? त्या एका रात्रीचं उतरेल, एवढंच. म्हणून मी म्हणेन की बाबांच्या प्रत्येक कॅसेटीवर गाव कुठलं, कुठल्या देवळाची जत्रा, साल कुठलं, पखवाजाला कोण होतं हे आधी लिहून काढा. गावातली जुनी माणसं आवाज ऐकून सांगतील, पण ती आहेत तोवरच.

आणि दुसरं, आजींना खुर्चीत बसवून गा म्हणू नका. हळदीचं गाणं मुसळाच्या घावावर बसलेलं असतं, हातात मुसळ नसेल तर लय सांडते. आमची आई नुसती बसून गायला लागली की तिसऱ्या ओळीला अडकायची आणि सूप हातात दिलं की धडाधड पुढच्या दहा ओळी.

टेपडेक (सोमवार, दुपारी १:२०)

फोनवर रेकॉर्ड केलं म्हणालात, ठीक आहे, नसण्यापेक्षा लाखपट बरं. पण त्या फायली बहिणीला कशा पाठवल्या? व्हॉट्सॲपवर नुसत्या ऑडिओ म्हणून पाठवल्या असतील तर आवाज पिळून निघालेला असू शकतो, त्या मूळ धरू नका, तुमच्या फोनमध्ये आहेत त्या मूळ. आजच्या आज त्या उतरवून दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर घ्या आणि एक प्रत गावाबाहेर, म्हणजे बोरिवलीच्या मावशीकडे. कोकणातल्या पावसात एकाच घरात सगळं ठेवणं म्हणजे देवाच्या भरवशावर.

पुढचं रेकॉर्डिंग शक्यतो छोट्या हँडी रेकॉर्डरवर, वेव्ह फॉर्मॅट, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ध्वनिसंग्रहवाले हेच किमान माप धरतात. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी जागा लागते, आजकाल ते काहीच नाही. एमपी३ वेबसाइटसाठी नंतर काढता येते, उलटं होत नाही, एकदा एमपी३ मध्ये गेलेलं परत येत नाही. आणि कृपा करून पंखा बंद करा. मी आजवर जितकी घरगुती रेकॉर्डिंगं साफ केलीत त्यातल्या निम्म्यात पंखा गातोय आणि आजी साथ देतायत.

आता ट्रंक. ती उघडलीत की एकही कॅसेट लगेच डेकमध्ये घालू नका. खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते का बघा, ती बुरशी असते. तशी एक कॅसेट वाजवली की हेडला, रोलरला लागते आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटींना. त्या वेगळ्या पिशवीत. बाकीच्या कोरड्या खोलीत सिलिका जेलसोबत ठेवा. ९० मिनिटांच्या कॅसेटींची टेप ६० वाल्यांपेक्षा पातळ असते, ती ताणली जाते, तुटते, त्यांना जास्त जपा. आणि कॅसेटच्या कडेला वर दोन प्लास्टिकच्या चकत्या असतात त्या मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी वर रेकॉर्ड करू शकणार नाही. आमच्याकडे काकाच्या आवाजावर भाच्याने क्रिकेटची कॉमेंट्री घेतली होती, अजून घरात त्यावरून बोलणी होतात.

सोनचाफा (सोमवार, दुपारी २:०२)

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चाकरमानी (सोमवार, रात्री ९:५०)

मी दादाच्या बाजूने आहे, मारा मला. मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, जन्म परळचा. लहानपणी आमच्या चाळीत गावची मंडळी जाखडीची तालीम करायची, पायात चाळ बांधून मधे बुवा नि ढोलकीवाला आणि भोवती गोल, शक्तीवाले नि तुरेवाले एकमेकांना कोडी घालायचे आणि आम्ही पोरं झोपायचो नाही. दामोदर हॉलला नमनाचा खेळ असला की आख्खी चाळ रिकामी. मला ते सगळं कळायचं कारण घरात बोली होती. माझ्या मुलीला घरात बोली नाही, मराठी आहे पण ती पेपरातली, आणि शाळा इंग्रजी. तिला मी सवाल-जवाब ऐकवला, ती म्हणाली बाबा बीट मस्त आहे. बीट! अर्थ विचारला नाही कारण अर्थ असतो हेच तिला माहीत नाही. तिच्यासाठी इंग्रजी नाही ठेवलंत तर ती दार उघडणारच नाही.

गडग्यावरचो (सोमवार, रात्री १०:१५)

इंग्लिश कशाक होया? गाणी आमची, गाणाऱ्यो आमच्यो, आणि वाचूक कोण, तर सायब? आदी तुमच्या चेडवाक मालवणी शिकवा, मगे इंग्लिशचा बघूया. आज इंग्लिश घालतल्यात, उद्या जागा पुरणा नाय म्हणान मालवणी काढून टाकतल्यात. ह्यां असांच होता.

चाकरमानी (सोमवार, रात्री १०:२१)

गडगेकाका, चेडवाक शिकवूक मी स्वतः मालवणी नाही, संगमेश्वरी आहे. :) पण तुमची शेवटची भीती मलाही आहे, ती खोटी नाही.

ओवी_जमा (मंगळवार, सकाळी ११:३०)

वाद घालण्याआधी एक नमुना बघा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ते दोघंही आता नाहीत, पण तो संग्रह 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येतोय. तिथे मराठी ओवी, खाली तिचं इंग्रजी भाषांतर, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, फोटो, आणि जिथे आहे तिथे आवाज. बाईचं नाव ही मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे लोकगीतांची पुस्तकं निघाली त्यात गाणारी बहुतेक वेळा "एक वृद्धा" असते. साने गुरुजी तर दापोलीजवळच्या पालगडचे, त्यांनीही ओव्या गोळा करून छापल्या, फार प्रेमाने छापल्या, पण त्या काळात आवाज कुठून येणार. तुमच्याकडे आवाज आहे, ताई, याची किंमत करा.

आता तुमचा प्रश्न. माझ्या मते तुम्ही "दुसरी भाषा" कुठली विचारताय आणि भांडण आहे पहिल्या भाषेचं. मामेबहिणीने केलं ते भाषांतर नव्हतं, तिने मूळ पानच बदललं. मूळ पानावर जे गायलं गेलं तेच, मालवणीत, अनुस्वारासकट. गाणां मधला तो अनुस्वार शोभेचा नाहीये, नाकातून येणारा तो उच्चार बोलीच्या व्याकरणाचा भाग आहे, नपुंसकलिंगाची खूण आहे. आजी एका ओळीत व्हकल आणि पुढच्या ओळीत नवरी म्हणाली असेल तर तसंच, दोन्ही. एकदा ते पान पक्कं झालं की बाजूला मराठी अर्थ लावा, इंग्रजी लावा, कानडी लावा, काही बिघडत नाही.

मी असं करते: पहिल्या रकान्यात मिनिट-सेकंद, दुसऱ्यात बोली, तिसऱ्यात मराठी, चौथ्यात इंग्रजी, पाचव्यात टीप. एलान नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं, त्यात आवाजाच्या पट्टीखाली हे सगळे थर एकाखाली एक लावता येतात. शिकायला दोन संध्याकाळी लागतात. नसेल जमत तर एक्सेलही चालेल, फक्त बोलीच्या रकान्याला कुलूप घाला.

तिरफळ (मंगळवार, रात्री ११:१०)

कुलूप घातलं. :)

आणि आता एक नमुना टाकते, बघा जमलंय का. हळद कांडायचं गाणं. सगळं इथे देत नाही कारण आजीला अजून विचारलेलं नाही, फक्त अडलेली जागा सांगते. एका ओळीत हळद "व्हायनात" टाकली असं येतं. मामेबहिणीने त्याचं "वाणात" केलं, म्हणजे हळदीकुंकवाचं वाण, आणि दादाने त्यावरून इंग्रजीत "भेटवस्तूत हळद ठेवली" असं लिहिलं. वाचायला छान वाटतं पण पुढची ओळ मुसळाची आहे, भेटवस्तूत मुसळ कुठून आलं ते कोणालाच कळेना.

गडग्यावरचो (मंगळवार, रात्री ११:१८)

अगो बाय माझे!!! व्हायन म्हंजे व्हायन! भुयत पुरलेला दगडाचा उखाळ. आमच्या मागल्या पडवेत असा अजून, आता तेच्यात मांजर निजता.

पायपेटी (बुधवार, सकाळी ६:४५)

हसून हसून पुरेवाट. काही भागात वायन पण म्हणतात. बघा, दोन भाषांतरांत उखळाचं गिफ्ट झालं, आणि यात कोणाचीच लबाडी नाही, प्रत्येकाने फक्त आपल्याला माहीत असलेल्या जवळच्या शब्दाकडे उडी मारली. मजघरात टाइल्स बसल्या तेव्हा उखळ बुजलं आणि उखळाबरोबर शब्दही. ताई, पडवीतल्या त्या व्हायनाचा फोटो काढून घ्या गडगेकाकांकडून, मांजरासकट, आणि टीपेत लावा.

चाकरमानी (बुधवार, सकाळी ९:३०)

माझ्या पोरीला हा किस्सा सांगितला. तिला आवडला. आता ती विचारतेय उखळ म्हणजे काय. हरे राम.

रेवदंडा_बंदर (बुधवार, दुपारी ४:००)

जरा उत्तरेकडचं पण ऐका, कोकण मालवणात संपत नाही.

आमच्या शेजारी कोर्लई. किल्ला बघायला सगळे येतात, खालच्या गावातली भाषा कोणी ऐकत नाही. १७४० मध्ये चौल पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आलं, फिरंगी गेले, पण त्या गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीजपासून झालेली बोली आजपर्यंत चालू आहे, नौ लिंग म्हणतात तिला, म्हणजे आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. बाहेर मराठी, घरात ती. त्यांची गाणी लिहायची झाली तर लिपी कुठली घेणार? अभ्यासकांनी रोमन वापरली, पण गावातल्या आजीला देवनागरी वाचता येते. तिच्यासाठी लिहायचं का अभ्यासकासाठी, हा प्रश्न तुमच्या इंग्रजी-मराठीपेक्षा अवघड आहे.

आणि बेने इस्रायल मंडळी, अलिबागजवळचं नवगाव म्हणजे त्यांच्या कथेप्रमाणे त्यांचं गलबत फुटलं ती जागा. या लोकांनी एकोणिसाव्या शतकात बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली, आपल्या कीर्तनाच्याच थाटात. पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं त्यांनी. तिकडच्या नातवंडांसाठी हीच कीर्तनं मराठी आणि हिब्रू अशी लावावी लागतील, तिथे इंग्रजीचा काय उपयोग?

तिसरं, आमच्या आगरी लग्नातली धवलारीण. लग्नाचा प्रत्येक विधी ती धवले गाऊन पुढे नेते. आता हळदीला डीजे. धवलारीण बोलावतात अजून काही घरांत, पण तिच्यासमोर स्पीकरची भिंत असते. मी एकदा रेकॉर्ड करायला गेलो तर धवला पंधरा मिनिटं आणि मागे डीजेची टेस्टिंग पंधरा मिनिटं. टेपडेकसाहेब, हे वेगळं करता येतं का हो?

टेपडेक (बुधवार, संध्याकाळी ६:१०)

नाही. परत जा, दुपारी जा, तिच्या घरी जा.

कलम_अडतीस (बुधवार, रात्री १०:३०)

आयडीवरून कळलं असेलच. :) थोडं रुक्ष लिहिते, पण वेबसाइट चढवण्याआधी वाचा.

परंपरेतलं गाणं कोणा एकाचं नाही हे खरं, पण ते गाणाऱ्या आजीला सादरकर्ती म्हणून स्वतंत्र हक्क आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात कलम ३८ मध्ये कलावंताचा हक्क येतो, सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. तिच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करून लोकांपुढे वाजवता येत नाही. "आमचीच आजी आहे" हे कायद्यात बसत नाही, आणि बाकीच्या चार बायका तर तुमच्या आज्या पण नाहीत.

फॉर्म छापून अंगठा घेऊ नका. रेकॉर्डर चालू करून त्यांच्या बोलीत विचारा, हे गाणं कोणकोण ऐकेल, मोबाईलवर जगात कुठेही ऐकू जाईल, तुझं नाव लावू की नको, कुठलं गाणं नको, उद्या मन बदललं तर सांग आम्ही काढू. त्यांचं उत्तर त्याच आवाजात राहू द्या. हेच तुमचं संमतिपत्र. आणि दर गाण्यासाठी वेगळं विचारा, सरसकट नको. वेबसाइटवरही तीन कप्पे ठेवा: सगळ्यांसाठी खुलं, फक्त गावासाठी, आणि बंद.

पायपेटी (गुरुवार, सकाळी ७:२०)

कलमताईंना दुजोरा. आमच्या भागात पंधरा-वीस वर्षांपूर्वी एक संशोधक आले होते, नाव-संस्था घेत नाही. आठ दिवस राहिले, लोकांनी जेवूखाऊ घातलं, चार रात्रींचे दशावतार आणि म्हाताऱ्यांची पदं टेप केली, आणि प्रत पाठवतो म्हणून गेले. ती प्रत अजून वाटेत आहे. त्यातले दोन गाणारे आता नाहीत, त्यांच्या मुलांकडे बापाचा आवाज नाही आणि कुठल्यातरी कपाटात तो आहे. म्हणून आता गावात मशीन घेऊन कोणी आला की लोक आधी चहा देतात आणि मग गप्प बसतात. चांगले संग्रहही आहेत, म्हणजे गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीतसंशोधनाचं केंद्र आहे, १९८२ पासूनचं, अभ्यासकांची रेकॉर्डिंगं तिथे नीट सांभाळतात. पण पहिली प्रत गाणाऱ्याच्या घरी, मग बाकी जग.

ओवी_जमा (गुरुवार, सकाळी ११:००)

बंद कप्प्यात काय जाईल यावर बोलू. देवाला घालतात ते गाऱ्हाणं रेकॉर्ड करावं का? शिमग्यातली बोंब आणि त्याच्या जोडीची गाणी? मला स्वतःला वाटतं दोन्ही जपायला हवीत. शिव्यांची गाणी गाळली तर शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल की कोकणातली माणसं फाल्गुनात हरिपाठ करत होती.

गडग्यावरचो (गुरुवार, दुपारी १२:४०)

गाऱ्हाणां मोबायलात नको. देवासमोर उभ्यान घालूचा असता, मागे गावान "व्हय म्हाराजा" म्हणूचा असता. घरात खाटीर निजान ऐकलास तर व्हय म्हणतलो कोण? शिमग्याचा काय घालूचा ता घाला, पण नावां काढा. आमच्या वाडीतल्या गाण्यात खऱ्या माणसांची नावां असत, तेंची नातवंडां आज सरपंच असत.

सोनचाफा (गुरुवार, दुपारी १:१५)

मला एक प्रामाणिक शंका. हे सगळं करून शेवटी वेबसाइटवर पडून राहणार ना? आमच्या तालुक्यात फुगडीच्या स्पर्धा होतात, नऊवारी, गजरे, मागे ट्रॅक लावलेला, सगळ्या एका तालावर. मुली फुगडी घालतात, गात नाहीत. त्यांना हे चाळीस गाण्यांचं बाड कोण पोचवणार? तोंडाने म्हणायची गोष्ट आहे ती.

ओवी_जमा (गुरुवार, दुपारी ३:३०)

सोनचाफा, शंका रास्त आहे, संग्रहाने गाणं जिवंत राहत नाही, गाणाऱ्याने राहतं. पण उद्या एखाद्या मुलीला म्हणावंसं वाटलं तर तिला कुठेतरी शब्द सापडायला नकोत का? त्या स्पर्धेच्या ट्रॅकमध्ये आजीचा आवाज घ्या की, कोण अडवतंय. म्हणजे आजी हो म्हणाली तर.

तिरफळ (दोन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १२:१५)

अपडेट देते. शनिवार-रविवार जोडून सुट्टी काढून गावी जाऊन आले.

पंखा बंद. उन्हाळा, घामाने आम्ही दोघी निथळत. व्हायन आमच्याकडे नाही पण शेजाऱ्यांकडून लाकडी उखळ आणि मुसळ आणलं, पायपेटीकाका तुमचं म्हणणं पुराव्यासकट सिद्ध झालं, गणपतीत जे गाणं अकरा ओळींत संपलं होतं ते या वेळी एकोणीस ओळींपर्यंत गेलं. मुसळ आजीने स्वतः पाच मिनिटंच धरलं, मग शेजारच्या काकींनी, आणि शेवटी माझ्याकडे आलं. माझ्या लयीवर आजी खूश नाही.

बोलीचा रकाना ओळ ओळ करून तिला वाचून दाखवला. तीन ठिकाणी तिने दुरुस्त केलं, एका ठिकाणी मी बरोबर ऐकलं होतं पण आजी म्हणाली, "तेव्हा गाताना मीच चुकले होते", तर दोन्ही ठेवलंय, टीप घालून. मराठी अर्थ मावशीने फोनवर केला. इंग्रजी दादाच करतोय, पण आता नियम असा की त्याने मावशीला विचारायचं आणि मावशीने आजीला, आणि उत्तर त्याच वाटेने परत. वेळ लागतो. एका ओळीला दोन दिवस गेले. मामेबहीण रुसली होती, तिला आता बोली टंकायचं काम दिलंय कारण टायपिंग तिच्याइतकं भराभर कोणालाच येत नाही, आणि आता तीच अनुस्वारासाठी सगळ्यांशी भांडते.

ट्रंकेतल्या बहात्तर कॅसेटींपैकी नऊवर भुकटी आहे, वेगळ्या ठेवल्या. एकीवर बाबांच्या अक्षरात फक्त "पावसाळा" लिहिलंय. अजून वाजवली नाही.

कलमताई, संमती तुम्ही सांगितली तशी घेतली. चार बायका सगळ्याला हो म्हणाल्या, एकीला नाव नको, "अमक्याची आवस" (आई) एवढंच लावा म्हणाली. आजी मात्र प्रत्येक गाण्यावर विचार करून सांगत होती. त्या एकोणीसमधल्या ज्या आठ ओळी गणपतीत आल्या नव्हत्या त्या का आल्या नव्हत्या तेही कळलं. तेव्हा ओटीवर जावई बसले होते. त्या ओळींत विहिणीला असं काही धुतलंय की मी इथे लिहू शकत नाही, आणि त्यात एका खऱ्या बाईचं नाव आहे, माझ्या मोठ्या मावशीच्या सासूचं.

मी विचारलं, आजी, हे घालू का वेबसाइटवर. तिने रेकॉर्डर चालू आहे ना ते बघितलं आणि म्हणाली, "घाल. पण तुझी मावशी जिती असा तोपर्यंत नको."

कलम_अडतीस (रविवार, रात्री १२:३१)

बंद कप्पा. कारणाच्या रकान्यात जसंच्या तसं लिहा, मालवणीत.

गडग्यावरचो (सोमवार, सकाळी ६:१०)

व्हायनाचो फोटो धाडलंय. मांजर उठणा नाय होता.